दुय्यम खेळाडूंच्या चाहत्यांसाठी : विस्डेनचा २००४ चा खंड

'विस्डेन क्रिकेटर्स अल्मनॅक' या क्रिकेटच्या इंग्रजी वार्षिक ग्रंथाचा २००४ चा, म्हणजे १४१ वा खंड मी जेम्स कर्टली या एकाच इंग्लिश गोलंदाजासाठी मागवला. दारव्ह्याकडच्या खेड्यात असा ग्रंथ वाचनालयात मिळण्यासारखा नसल्याने जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तो घ्यावा लागला. 'उत्तम स्थितीत' म्हणून आलेल्या प्रतीचा कणा पहिल्याच आठवड्यात सुटला. पण तो दोष विक्रेत्याचा, ग्रंथाचा नव्हे.

कर्टली इंग्लंडकडून अवघ्या चार कसोट्या खेळला, त्याही सगळ्या २००३ सालात, आणि त्याला १९ बळी मिळाले. त्यांपैकी पहिलीच कसोटी, ऑगस्टमधली ट्रेंट ब्रिज मैदानावरची, या खंडात पूर्ण धावफलकासह आहे. विजयासाठी २०२ धावा हव्या असलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ १३१ धावांत संपला आणि नवख्या कर्टलीने ३४ धावांत ६ गडी बाद केले. खेळपट्टीला भेगा पडल्या होत्या व चेंडू मध्येच खाली राहत होता. पऱ्हाटी उपटून झाल्यावर मे महिन्यात काळ्या रानात टेनिस बॉलने खेळलेल्या कोणालाही त्या फलंदाजांची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्या डावात पायचीत आणि त्रिफळाचीत हे शब्द इतक्या वेळा का येतात, याचे उत्तर त्या भेगांतच आहे.

तोच उन्हाळा ससेक्स या कर्टलीच्या इंग्लिश काउंटी संघाचाही होता. १८३९ साली स्थापन झालेल्या या संघाने पहिले काउंटी अजिंक्यपद २००३ मध्ये मिळवले. मुश्ताक अहमदचे १०३ बळी आणि होव्हच्या मैदानावर मरे गुडविनच्या नाबाद ३३५ धावा यांच्या झगमगाटात कर्टली मागे पडतो. तरीही सामन्यागणिक धावफलक वाचत गेले की त्याचे कष्ट दिसतात. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा करंडक उचलला आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, ते ज्यांनी पाहिले त्यांना ही पाने विशेष आवडतील.

उणीव आहे ती गावाची. कर्टली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नचा. दगडगोट्यांच्या किनाऱ्याचे, १८७० साली खुल्या झालेल्या पिअरचे (समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याचे) हे शहर, शेजारी बीची हेडचा १६२ मीटर उंचीचा पांढरा खडूचा कडा. तिथल्या सॅफ्रन्स मैदानावर १९२१ मध्ये इंग्लंडचा माजी कर्णधार मॅक्लारेन याच्या संघाने, पहिल्या डावात ४३ धावांत गुंडाळले जाऊनही, आर्मस्ट्राँगच्या ऑस्ट्रेलियाला २८ धावांनी हरवले होते. धावफलकांतून असे गाव उभे राहत नाही. त्यासाठी नकाशा आणि इतर वाचन जवळ ठेवावे लागते.

अक्षर फार बारीक आहे. दीड हजारांहून अधिक पाने कंदिली उजेडात वाचण्याचा हट्ट धरू नये, आणि भारनियमनाच्या काळात तर मुळीच नाही. शिवाय एका वर्षाच्या खंडात कारकीर्द पुरती येत नाही. २००५ मध्ये गोलंदाजीच्या शैलीवर आक्षेप आल्यावर कर्टलीने ती नव्याने बसवली आणि २००६ च्या सी अँड जी करंडक या काउंटी संघांच्या एकदिवसीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर २७ धावांत ५ बळी घेतले. ते वाचायचे तर २००७ चा खंडही घ्यावा लागेल. मागवताना कठीण पुठ्ठ्याची प्रत मागावी आणि कण्याचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.