मधुमेही पायाची जखम : स्वॅब की ऊतीचा तुकडा?

जखमेत कोणते जिवाणू आहेत हे तपासायला नमुना दोन प्रकारे घेतात : स्वॅब (जखमेवर फिरवायचा निर्जंतुक बोळा) किंवा ऊतीचा (टिश्यूचा) तुकडा. स्वॅब स्वस्त, फारसा दुखत नाही, ड्रेसिंग बदलताना नर्सही घेऊ शकते. पण तो वरवरचंच उचलतो. त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू रिपोर्टात येतात; खोलवरचे, विशेषतः ऑक्सिजनविना वाढणारे, निसटतात. मग यादीतल्या प्रत्येक जिवाणूसाठी औषध सुरू होतं आणि जिवाणूंच्या औषध-प्रतिरोधाला खतपाणी मिळतं.

तुकडा घ्यायला सराईत हात लागतो. सलाइनने धुवायचं, मेलेली ऊती काढायची, मग तळातून क्युरेटने (खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने) किंवा स्काल्पेलने नमुना घेऊन निर्जंतुक डबीत ठेवायचा. शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. (फॉर्मॅलिनमध्ये टाकला, की जिवाणू मरतात आणि कल्चर, म्हणजे ते वाढवून ओळखण्याची चाचणी, संपलं.) भारतात या जखमांत स्यूडोमोनास, ई. कोलाय, क्लेबसिएला हे जिवाणू बरेच सापडतात. त्यांतले काही ईएसबीएल नावाची विकरं (एन्झाइम) बनवून सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिकं निकामी करतात. अशा वेळी अंदाजाने औषध देणं महागात पडतं, म्हणून कौल तुकड्यालाच.

स्वॅबच घ्यावा लागला तर पुवावरून फिरवू नका. धुतलेल्या, स्वच्छ तळावर एक चौरस सेंटिमीटर जागेत दाबून पाच सेकंद फिरवा.

लाली, सूज, ऊब, वेदना, पू यांपैकी काहीच नसेल तर दोन्ही नकोत. जिवाणू सापडतीलच, पण तो संसर्ग नव्हे.