चेरोकी पर्पल की ब्लॅक क्रिम? कोकणातल्या परसासाठी
टोमॅटोच्या या दोन्ही पारंपरिक वाणांची फळं काळपट लाल, देठाकडे हिरवट. कापल्यावर पटकन ओळखू येत नाहीत. खरा फरक सालीत. पाणी कमीजास्त झालं की क्रिम लगेच तडकते, चेरोकी जरा तग धरते. चवीला क्रिम किंचित खारट, चेरोकी गोडसर.

बी सप्टेंबरअखेर टाका, रोपं महिन्याभराने लावा. पुढे रात्री उबदार झाल्या की फुलं गळतात.

जांभ्या मातीतली मर (झाड वाळवणारा जिवाणूंचा रोग) मात्र दोन्हींना सोडत नाही. हिरवं झाड अचानक माना टाकतं; खोडाचा तुकडा पाण्यात धरला की दुधट धागे सुटतात. मर सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर कलम करा, नाहीतर ताज्या मातीची मोठी कुंडी घ्या. आमची पसंती चेरोकीलाच.