अपेंडिक्सला सूज: ऑपरेशन करावं की औषधांवर भागेल?

सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो, सर्जन म्हणतात ‘आजच ऑपरेशन करून घ्या’, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘गोळ्या-सलाईननं बसतंय का बघा की.’ दोन्ही म्हणणी ऐकण्यासारखी आहेत, कारण आज दोन्ही वाटा खऱ्या आहेत. मात्र दुसरी वाट सूज साधी असेल, म्हणजे अपेंडिक्स फुटलेलं नसेल आणि पू झालेला नसेल, तरच.

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी अपेंडिक्स ही बारीक नळी एका टोकाला बंद असते. तिचं तोंड मळाच्या खड्यानं किंवा सुजेनं बुजलं की आत स्राव साठतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा आटतो, जंतू माजतात आणि भिंत फुटू शकते. पोट कडक झालं, ताप चढला, पू झाला, तर घरात चर्चा करायची वेळ गेलेली असते. जीवघेणं दुखणं एकाएकी थांबलं तरी सुटलो असं समजू नका, फुटल्यावरही काही वेळ हलकं वाटतं.

साध्या सुजेत अँटिबायोटिकचा अनुभव काय? फिनलंडच्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, ५ वर्षांत ३९ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक ५ वर्षं तरी चाकूविना राहिले. अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्या, पण खडा असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचं ऑपरेशन ९० दिवसांतच झालं. म्हणून सर्जनना पहिला प्रश्न हाच विचारा: खडा आहे का? असेल तर माझं मत सरळ आहे, काढून टाका. सोनोग्राफीत खडा सुटू शकतो, सीटी स्कॅनमध्ये जास्त नीट दिसतो.

खडा नसेल तर दुसरा प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारायचा: दुखणं उलटलं तर रात्री-अपरात्री सर्जनपर्यंत किती वेळात पोचाल? सिव्हिलच्या जवळ राहणाऱ्याला औषधांवर थांबणं परवडतं. करमाळ्याकडच्या वस्तीवरच्या माणसाला, किंवा हंगामात ऊसतोडीला महिनोन्‌महिने फडावर जाणाऱ्या जोडप्याला, मी ऑपरेशनच सुचवेन. तिथं पोट दुखू लागलं की आधी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळतात, एरंडेल देतात आणि वेळ हातातून जातो. बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली उतरलं आणि अन्नावरची वासना गेली, तर चोळणं नाही, जुलाब नाही, थेट दवाखाना. गरोदर बाईला ते दुखणं जरा वरच्या बाजूला जाणवू शकतं, तिच्या बाबतीत तर थोडाही उशीर नको.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणखी एक गोष्ट धरावी. कधीकधी सुजेआड गाठ (ट्यूमर) असते. अपेंडिक्स काढलं की ते तपासणीला जातं, औषधांवर ठेवलं तर जात नाही.

ऑपरेशन ठरलंच तर दुर्बिणीतून की उघडं? दुर्बिणीत जखमा लहान, दुखणं कमी, जखमेत पू होण्याचा धोका कमी, कामावर लवकर जाता येतं. यंत्रमागावर दिवसभर उभं राहणाऱ्याला हा फरक मोठा आहे. पण त्यात पूर्ण भूल लागते आणि खाजगीत खर्च बहुधा जास्त येतो. उघडं ऑपरेशन जुनं, भरवशाचं, अनेकदा कमरेत भूल देऊनही होतं. चांगला सर्जन उघडं करतो म्हणाला, तर दुर्बिणीच्या हट्टापायी रुग्णाला गावभर फिरवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का, हे भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. आणि काढलेल्या अपेंडिक्सचा तपासणी रिपोर्ट टाके काढून झाल्यावरही आला नसेल, तर मागून घ्या.