मराठी अक्षरं दाखवणारा टीव्ही हवा आहे : एका बहिऱ्या ग्राहकाचा अभिप्राय

चवथीच्या आधी फोंड्याच्या एका दुकानातून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला आणि जुना डिशचा बॉक्स बदलून नवा एचडी बॉक्स बसवला. दोन्हींविषयी लिहिते आहे, पण आवाज कसा आहे ते मला विचारू नका. आठवीत असताना मेंदूज्वरात माझे दोन्ही कान गेले आणि श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही. मी टीव्ही वाचते, म्हणजे वाचायला काही दिलं असेल तेव्हा. पोटापाण्यासाठी छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे अक्षरांच्या बाबतीत मी जरा काटेकोर आहे.

निकाल आधी सांगते. टीव्हीला पाचपैकी चार तारे, ओटीटी अ‍ॅपना अडीच, डिशच्या सेवेला एक. डिशच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या मैत्रिणीकडे दुसऱ्याच कंपनीची डिश आहे आणि तिच्या पडद्यावरही मराठीचं एक अक्षर उमटत नाही.

दुकानापासून सुरुवात करते, कारण तिथला अनुभव चांगला होता. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर बहुतेक विक्रेते माझ्या भावाशी बोलू लागतात. या मुलाने तसं केलं नाही. बिलाच्या वहीचं मागचं पान उघडून तो लिहून दाखवू लागला, मी लिहून विचारू लागले. स्पीकर किती वॅटचे ते सांगायला लागला तेव्हा मी त्याच्याकडून रिमोट मागून घेतला आणि सेटिंग्जमध्ये गेले. तिथे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ असा भाग असतो, त्यात ‘कॅप्शन’, म्हणजे बोललेलं पडद्यावर अक्षरांत दाखवायची सोय. अक्षरांचा आकार, रंग, मागची पट्टी, सगळं बदलता येतं. माझी निवड पिवळी अक्षरं, काळी पट्टी, आकार मोठा. मग हिंदी कॅप्शन असलेला एक व्हिडिओ लावून घेतला आणि जोडाक्षरं तपासली. ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध’ नीट जुळतात का, पहिली वेलांटी जागेवर बसते का, दोन ओळी एकमेकींवर चढतात का. त्याच किमतीच्या एका दुसऱ्या टीव्हीवर जोडाक्षरं फुटून हलन्त दिसत होते; तो मी घेतला नाही. देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी दुकानातच करावी. मुलगा शेवटपर्यंत उभा राहिला आणि मी काय बघते ते त्याने समजून घेतलं. पुढच्या बहिऱ्या गिऱ्हाइकाला तो हे आपणहून दाखवेल अशी मला खात्री वाटते.

पाचवा तारा अडला तो रिमोटपाशी. आवाज बंद करायला एक बटण आहे, कॅप्शन लावायला एकही नाही. दर वेळी मेन्यूच्या पोटात शिरावं लागतं. आईला ते जमत नाही.

आता बॉक्स. याच्या रिमोटवर मात्र ‘सबटायटल’ असं बटण आहे. दाबलं की पडद्यावर येतं, उपलब्ध नाही. आमच्या घरात लागणाऱ्या प्रत्येक मराठी मनोरंजन वाहिनीवर मी ते दाबून पाहिलं आणि उत्तर तेच आलं. तक्रार करायची तर ग्राहक सेवेचा फोन नंबर. बहिऱ्या माणसाने फोन करायचा. पुतण्याने माझ्या वतीने केला, तर पलीकडून सांगितलं गेलं की जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच बोलायला हवं. जोडणी माझ्या नावावर आहे. पुतण्याने समजावून सांगितलं, आत्याला ऐकू येत नाही, ती इथे शेजारीच बसली आहे. नियम म्हणजे नियम. शेवटी अ‍ॅपवरच्या चॅटमध्ये एकाने उत्तर दिलं की तुमच्या टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कॅप्शन चालू करा.

हे उत्तर चुकीचं आहे आणि ते का चुकीचं आहे हे प्रत्येक बहिऱ्या ग्राहकाला माहीत असलं पाहिजे. बॉक्स टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडलेला असतो. त्या वायरीतून तयार चित्र आणि आवाज जातो, कॅप्शनची वेगळी माहिती जात नाही. म्हणजे डिशच्या वाहिन्यांसाठी टीव्हीची कॅप्शनची सेटिंग निरुपयोगी आहे. अक्षरं बॉक्सनेच उलगडून चित्रावर बसवायला हवीत. आणि बॉक्सने ती बसवायची तर वाहिनीने आधी पाठवायला हवीत. आपल्याकडे घोडं अडतं ते इथे, वाहिनीच्या दारात. देवनागरी जमत नाही ही सबबही चालणार नाही. आपल्याकडच्या डिश प्रक्षेपणाच्या ज्या डीव्हीबी पद्धतीवर चालतात तिच्यात सबटायटल चित्राच्या रूपात पाठवता येतात, लिपी कुठलीही असो.

आमचं घर म्हार्दोळला. घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी, गोव्यात अनेक घरांत असतं तसं. भावाचे, वहिनीचे, आईचे ओठ मी वाचू शकते. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांची कोंकणी माझ्या डोळ्यांना पाठ झाली आहे. मालिकेतल्या माणसांचे ओठ वाचता येत नाहीत. बोलणारी पाठमोरी असते, किंवा कॅमेरा बोलणाऱ्यावरून सरकून ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर फिरतो, तीन तीनदा. संध्याकाळी सगळे मालिकेसमोर बसतात तेव्हा मी वहिनीकडे बघत असते. ती बिचारी जाहिरात लागली की सांगते, “भांडण झालं.” दहा मिनिटं चाललेल्या बोलण्याचं एवढंच माझ्या वाट्याला येतं. कोण काय म्हणालं, कुठल्या शब्दाने कोण दुखावलं, कोण उत्तर न देता गप्प बसलं, ते सगळं तिच्याकडे राहतं. वहिनीचा यात काही दोष नाही. तिलाही मालिका बघायची असते.

मालिका राहू द्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पडद्यावर माणसं तावातावाने बोलत होती आणि खालून पट्टी सरकत होती ती भलत्याच बातमीची. खालची पट्टी म्हणजे कॅप्शन असा कित्येकांचा समज आहे. तसं नाही. निवेदक बोलतो ते एक, पट्टीवर धावतं ते दुसरं. समुद्रकिनारी जाऊ नका, झाडाखाली थांबू नका, वीज कधी येईल, हे सगळं तोंडाने सांगितलं जात होतं. मला ते पुतण्याने वहीवर लिहून दिलं. ज्या घरात लिहून देणारं कोणी नाही तिथे काय झालं असेल?

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६चा. त्याचं ४२वं कलम सांगतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ध्वनिवर्णन (न दिसणाऱ्यांसाठी दृश्याचं बोलून केलेलं वर्णन), सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांची सोय सरकारने करून घ्यावी. त्याच कलमात रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत असंही आहे, म्हणजे माझा बॉक्स आणि त्याचा रिमोटसुद्धा त्यात आला. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये बहिऱ्या प्रेक्षकांसाठी टीव्हीची मानकं काढली. बातम्यांच्या वाहिन्यांनी दिवसाला किमान एक बातमीपत्र, इतर वाहिन्यांनी आठवड्याला किमान एक कार्यक्रम कॅप्शन किंवा सांकेतिक भाषेसह द्यावा, आणि पुढे प्रमाण वाढवत न्यावं. थेट बातम्या, थेट खेळ, जाहिराती यांना सूट. खेळाचं मी समजू शकते, धावफलक वाचता येतो. थेट बातम्यांना सूट देणं मला मान्य नाही. संकटाच्या वेळी जी बातमी माणूस बघतो ती थेटच असते.

अमेरिकेत लपवता-दाखवता येणारी कॅप्शन १९८० साली सुरू झाली. तेव्हा ती बघायला वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. १९९० साली कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून तिथे १३ इंचांहून लहान नसलेल्या प्रत्येक नव्या टीव्हीत ती सोय आतच आली. बीबीसीच्या मुख्य वाहिन्यांवर २००८ पासून सगळे कार्यक्रम सबटायटलसह येतात. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आपल्याच देशातलं उदाहरण. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली गाण्याच्या भाषेतच गाण्याच्या ओळी पडद्यावर दाखवण्याची कल्पना मांडली, लोकांचं वाचन सुधारावं म्हणून. १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर ती सुरू झाली आणि पुढे हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांतही आली. शब्द गायला जाईल तसा रंग बदलायचा. मला ती गाणी ऐकू येत नव्हती, तरी कुठला शब्द किती लांबवला हे दिसायचं.

ओटीटी अ‍ॅपचे अडीच तारे हिंदीमुळे आहेत. बऱ्याच नव्या हिंदी मालिकांना हिंदी कॅप्शन असतात, आणि चांगल्या असतात. कंसात बोलणाऱ्याचं नाव, दार वाजलं, फोन थरथरला, दुरून ढोल ऐकू येतो आहे, असं सगळं. संवादांइतकंच ते मला लागतं. एखादं पात्र दचकतं तेव्हा ते का दचकलं हे मला कळायला हवं. मराठी चित्रपट लावला की मात्र खाली इंग्रजी. मराठी माणसाने मराठीत केलेला चित्रपट, मी मराठी शाळेत शिकलेली, रोज मराठी मुद्रितं तपासणारी, आणि माझ्यापुढे इंग्रजी. ती ओळ ज्याला मराठी येत नाही त्याच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. संवाद तर मराठीत लिहिलेलेच असतात. संहिता निर्मात्याच्या संगणकात पडून असते. तीच वेळेच्या नोंदी घालून, आवाजांचे उल्लेख भरून द्यायची. खर्च चित्रीकरणाच्या मानाने नगण्य. आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनवर मात्र कोणी भागवू नये. विशेषनामांची ती वाट लावतात, आणि कोण बोलतं आहे ते सांगत नाहीत.

माझी एक मैत्रीण जन्मापासून बहिरी आहे. तिची पहिली भाषा सांकेतिक भाषा. मराठी ती वाचते पण सावकाश, आणि धावत्या ओळी तिच्या हाती लागत नाहीत. तिला दुभाषा हवा आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात बोटभर जागेत नको, हात आणि चेहरा स्पष्ट दिसतील एवढा हवा. कॅप्शन दिल्या की सगळ्या बहिऱ्यांचं भागलं असं मी म्हणत नाही. दोन्ही लागतं.

आणि आमच्या आईला, जी स्वतःला बहिरी म्हणवून घेत नाही, तिलाही लागतं. वयाने कान मंदावले आहेत. भाऊ सांगतो, आवाज इतका मोठा असतो की शेजारच्यांना मालिका फुकट ऐकायला मिळते. सकाळी पेपर मात्र ती चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा तर ऐकू येणाऱ्यांनाही संवाद कळत नाहीत; सगळेच एकमेकांना “कितें म्हळें?” विचारत बसतात.

गोव्यात हे कोणाला नवीन नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, आणि केंद्राच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ जानेवारी २०२५ पासून इफ्फीसारख्या केंद्राच्या महोत्सवांसाठी पाठवायच्या चित्रपटांना कॅप्शन आणि ध्वनिवर्णन बंधनकारक झालं आहे. पणजीत मांडवीच्या काठावर जे होऊ शकतं ते म्हार्दोळच्या दिवाणखान्यात का होऊ नये?

मी डिश कंपनीला आणि दोन मराठी वाहिन्यांना पत्रं पाठवली आहेत, प्रत राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांना. मागण्या तीन : संध्याकाळच्या मालिकांना मराठी कॅप्शन, आपत्तीच्या बातम्यांना मराठी कॅप्शन आणि दुभाषा, आणि बहिऱ्या ग्राहकाची तक्रार लेखी घेण्याची सोय, ग्राहकाच्या स्वतःच्या नावाने. तुम्हीही पाठवा, ऐकू येत असलं तरी पाठवा. वाहिनीचं नाव, कार्यक्रम, तारीख आणि वेळ लिहा, आणि ‘सबटायटल’ बटण दाबल्यावर पडद्यावर काय आलं त्याचा फोटो जोडा.

टीव्ही घ्यायला हरकत नाही. बॉक्स बदलायचा असेल तर पैसे देण्याआधी दुकानात लावून घ्या, मराठी वाहिनी लावा आणि ते बटण दाबायला सांगा.