बोवेन थेरपी, आठ-नऊ महिन्यांनंतर: पैसे हाताचे द्या, पॅकेजचे नको

बोवेन म्हणजे स्नायूंवरून अगदी हलका हात फिरवायचा आणि मधे मधे थांबे घ्यायचे, अशी थेरपी; याहून जास्त पहिल्यापासून सांगत बसत नाही. हे वाचायला आलेल्यांनी बाकीचं आधीच शोधलेलं असणार. मी परभणीत ब्लाउज-ड्रेस शिवते, दुपारी मुलींचा शिवण क्लास घेते. मान, उजवा खांदा आणि कंबर ही माझी जुनी दुखणी. थेरपी नांदेडच्या एका सेंटरमध्ये घेतली. लगीनसराई उरकल्यावर निवांत लिहिणार होते, पण गेल्या महिन्यात सेंटरचा मेसेज आला: थेरपी देणाऱ्या आधीच्या ताई काम सोडून गेल्या आहेत, पॅकेजमधल्या उरलेल्या सिटिंग नव्या सरांकडून घ्या, पैसे परत मिळणार नाहीत. म्हणून आत्ताच लिहिते. दुसऱ्या कुणाचे पैसे अडकायला नकोत.

दुखण्यावर आधी काय काय केलं ते थोडक्यात. एमआरआय काढला, ‘मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे’ असं सांगितलं गेलं. ९०० रुपयांचा पट्टा घेतला. मशीनवर वाकलं की तो बरगडीत रुततो. ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, तेही करून घेतलं. गोळ्यांनी पित्त वाढलं. सासूबाईंनी गल्लीतल्या पायाळू पोराला बोलावून माझ्या कमरेवर पाय लावून घेतला. करडईचं तेल कोमट करून शेजारच्या मावशी रगडून द्यायच्या. त्या रात्री बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकायचं. आपल्याकडे मालिश म्हणजे दाबलं पाहिजे, मोडलं पाहिजे, कण्हायला लावलं पाहिजे, अशीच समजूत आहे. जुनाट दुखण्याला ते मानवतंच असं नाही, हे मला बोवेनमुळे कळलं. या थेरपीचा माझ्यासाठी सगळ्यात मोठा उपयोग हाच.

नांदेडच्या ताईंनी पहिल्या दिवशी हात लावण्याआधी बराच वेळ नुसतं विचारलं. पायातली ताकद कमी झाली का, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का, ताप येतो का, वजन उतरलंय का. यातलं एक जरी ‘हो’ आलं असतं तर मी हात लावला नसता, आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हेही विचारलं. इतकी वर्षं एवढ्या जणांनी माझी पाठ दाबली, पण त्याआधी एवढं कुणी विचारलं नव्हतं. मग प्रत्येक वेळी ‘इथे हात ठेवू का?’ म्हणून विचारायच्या. अंगावर कपडे तसेच, तेल नाही. अंगठ्याने कातडी थोडी मागे ओढायची आणि स्नायूच्या कडेवरून हलकेच पलीकडे न्यायची, बस. दुखत तर नाहीच, पहिल्यांदा काही केलं असंही वाटत नाही.

आता थांब्यांबद्दल. दोन-चार वेळा असा हात फिरवला की ताई खोलीबाहेर जायच्या. काही मिनिटांनी परत यायच्या, पुन्हा दोन-चार जागा, पुन्हा बाहेर. समोर भिंतीवर घड्याळ होतं, ते मी बघत असे. पाऊण तासातला हात लावण्याचा वेळ जेमतेम दहा मिनिटं भरायचा. सिटिंगचे ६०० रुपये, म्हणजे अस्तराचे दोन ब्लाउज. ते दोन ब्लाउज शिवायला माझी अर्धी रात्र जाते. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘का गं, नुसता हात फिरवायला सहाशे? आन् ती बाई बाहेर जाऊन काय करती?’ मलाही तेच विचारायचं होतं. पुढच्या वेळी ताईंना तोंडावर विचारलं. त्या चिडल्या नाहीत. पद्धतच अशी आहे, शरीराला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, आणि समोर माणूस उभा असला की पेशंट अंग सोडत नाही, असं म्हणाल्या.

हे कारण मला लगेच पटलं नाही, म्हणून घरी येऊन बरंच वाचलं. टॉम बोवेन हे ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावचे. डॉक्टर नव्हते, सिमेंटच्या कारखान्यात काम करायचे. तरी त्यांच्याकडे इतकी माणसं यायची की, १९७५ च्या तिथल्या सरकारी चौकशी समितीच्या अहवालात त्यांच्याकडे वर्षाला सुमारे १३,००० उपचार होत असल्याची नोंद आहे. १९८२ साली ते वारले. पण त्याच ऑस्ट्रेलियात सरकारने अशा अनेक पद्धतींचा अभ्यास तपासला, बोवेन गुणकारी असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, आणि १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून तिचे पैसे मिळणं बंद झालं. जिथे जन्मली तिथलीच ही गोष्ट आहे, म्हणून सांगते. सेंटरच्या भिंतीवर थायरॉइडपासून मायग्रेनपर्यंत सगळं बरं होतं असा बोर्ड होता. त्या बोर्डावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

एवढं वाचूनही मी जात राहिले, कारण मला जाणवलेला फरक खरा होता. पहिल्या काही वेळा थांबा आला की वैताग यायचा. मग हळूहळू त्या शांत मिनिटांत उजवा खांदा आपोआप खाली यायला लागला. दिवसभर तो कानाजवळ ओढलेला असतो हे मला तिथेच कळलं. शिवणाऱ्या बाईला दिवसात अशी जागा मिळत नाही. दुकानात गिऱ्हाईक, घरात स्वयंपाक, पडलं तरी हाका सुरूच. त्या खोलीत मात्र कुणी माझ्याकडे काही मागत नव्हतं आणि कुणी मला दाबतही नव्हतं. आता माझं मत असं आहे की थांब्याचे पैसे वाया गेले नाहीत. त्याचं कारण ताई सांगतात तेच आहे की दुसरं काही, ते मी ठरवू शकत नाही. पण थांबे गाळून घाईने उरकणारा कुणी भेटला तर त्याला ६०० रुपये देऊ नका.

फरक किती, तेही सांगते. त्याच दिवशी अंग जड व्हायचं, झोप यायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान दोन्हीकडे वळायची, कंबर हलकी वाटायची. आठवडा संपत आला की दुखणं पुन्हा पहिल्या जागी. पहिले दोन महिने असंच चाललं आणि पैसे पाण्यात चालले असं वाटत होतं. परभणीच्या फिजिओथेरपिस्टकडे जुना कागद दाखवायला गेले तेव्हा गोष्ट बदलली. मॅडमनी आधीच व्यायाम दिले होते, पण दुखण्यामुळे माझ्याकडून ते होत नव्हते. त्या म्हणाल्या, ज्या दोन-तीन दिवसांत हलकं वाटतं तेव्हाच व्यायाम करा, तेव्हाच चाला, ते दिवस वाया घालवू नका. तसं सुरू केलं. आता सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने चालते, पुलासारखी कंबर उचलायचा व्यायाम करते, खांद्याचे व्यायाम क्लासमधल्या मुलींबरोबर करते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून हलक्या दिवसांची संख्या वाढत गेली. दुखणं गेलेलं नाही. पण रात्री कूस बदलताना जाग येत नाही, आणि गोळी आता कधीतरीच लागते.

एमआरआयची भीतीही त्याच मॅडमनी घालवली. ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय बघितले, तर पन्नाशीतल्या दहापैकी आठ जणांच्या मणक्याच्या गादीत झीज दिसते, असा २०१५ साली छापून आलेला अभ्यास त्यांनी सांगितला. म्हणजे ‘गॅप’ दिसला म्हणून मी मोडून पडलेय असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याबद्दल नीट माहिती देणं, मसाज यांना जागा आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय. पट्ट्याचे ९०० आणि ट्रॅक्शनचे त्याहून जास्त मोजलेल्या माणसाला हे वाचून राग येतो. मला अजून येतो.

प्रवासाचं गणित बाहेरगावच्या लोकांनी आधी मांडावं. परभणीहून पॅसेंजरने पूर्णा करत नांदेड. तिकीट स्वस्त, नांदेड स्टेशनपासूनचा ऑटोच महाग पडतो. पण सिटिंगनंतर गाडीच्या बाकावर अंग चेपून बसलं की अर्धं काम उलटतं. मी पूर्णेपर्यंत दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभी राहते, मग बसते. ताईंनीच हे सुचवलं होतं आणि उपयोग झाला.

आता सेंटरबद्दल. सुरुवातीला दर सिटिंगला पैसे द्यायची सोय होती. दिवाळीनंतर त्यांनी ती बंद केली आणि दहा सिटिंगचे ५,००० आगाऊ भरा, नाहीतर येऊ नका असा नियम केला. चालू उपचार तोडायचा नव्हता म्हणून भरले. पॅकेज अर्ध्यावर असताना ताई गेल्या. नव्या सरांनी काही विचारलं नाही, पालथं झोपवलं आणि कोपराने कमरेत दाबायला सुरुवात केली. ‘हळू करा’ म्हटलं तर म्हणाले, दुखल्याशिवाय मोकळं होत नाही. मी उठून बसले. तेवढ्यानेही पुढचे कितीतरी दिवस मशीनवर बसवलं नाही, त्यात एका नवरीचे ब्लाउज द्यायचे होते. बोर्डावर नाव बोवेनचंच, दर तोच, पण आत जे चाललं होतं ते बोवेन नव्हतं. माझा सगळा राग यावर आहे. ज्या हातावर भरवसा ठेवून माणूस पैसे भरतो तो हातच बदलला, तर उरलेले पैसे परत मिळायलाच हवेत.

काउंटरवर दाद लागली नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मराठीत बोलता येतं. पावत्या आणि मेसेजचे फोटो मागितले, तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. तक्रारीचा नंबर सेंटरला पाठवल्यावर उरलेल्यातले निम्मे पैसे आले. बाकीच्या पैशांसाठी पाठपुरावा चालू आहे. रक्कम लहान आहे, पण ती सोडणार नाही. पावती मात्र पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

मधल्या काळात घरी एक गोष्ट सुरू केली, ती बिनपैशांची आहे. त्वचेतल्या काही बारीक नसा हळू, मायेच्या स्पर्शालाच जास्त प्रतिसाद देतात असं वाचलं होतं. त्यांना सगळ्यात मानवणारा वेग सेकंदाला तीन सेंटीमीटरच्या आसपास. माझ्या टेपवर ते सव्वा इंचाला थोडं कमी. लेकीला टेप दाखवून सांगितलं, ह्या वेगाने मानेपासून पाठीवर हात फिरव, दाबू नकोस. पहिल्यांदा ती भराभर फिरवायची, आता जमतं. हे बोवेन नाही, आणि नांदेडइतका फरकही पडत नाही. पण दुखणं चढलेल्या रात्री झोप लागते.

आणि कटिंग टेबलच्या चार पायांखाली विटा घातल्या. उभं राहून कापताना आता वाकावं लागत नाही. हे आधी केलं असतं तर सिटिंग कमी लागल्या असत्या का, असं लोक विचारतात. कमी लागल्या असत्या असं मला वाटत नाही, कारण तेव्हा सरळ उभं राहणंच जमत नव्हतं.

जुन्या ताई आता नांदेडला स्वतःच्या घरी काम करतात. सिटिंगचे ५००, त्या दिवशीचे त्या दिवशी, पॅकेज नाही. थांबे पूर्वीसारखेच देतात. मी आता महिन्यातून एखाद्या वेळी जाते, लगीनसराईत काम चढलं की थोडं जास्त. परभणीत किंवा पूर्णेला असं हलक्या हाताने, आधी विचारून काम करणारं कुणी असेल तर नक्की कळवा. माझ्या क्लासमधल्या दोन मुलींच्या आयांना दाखवायचंय आणि त्यांना नांदेडचा प्रवास झेपणार नाही.