सारख्या दिसणाऱ्या हॉक मॉथची ओळख: आयनॅचरलिस्ट कितपत उपयोगी?

हॉक मॉथ या पतंगांची जात छायाचित्रावरून ठरवू पाहणाऱ्यांना आयनॅचरलिस्ट ही सजीवांच्या छायाचित्र-नोंदींची विनामूल्य सेवा मी आवर्जून सुचवेन. मात्र माझा भरवसा तिने सुचवलेल्या पहिल्या नावावर नसून प्रत्येक जातीच्या पानावरील ‘सारख्या जाती’ या विभागावर आहे. त्या जातीची इतर कोणत्या जातींशी वारंवार गल्लत होते, हे तिथे छायाचित्रांसह दिसते आणि नेमके काय तपासायचे याची दिशा मिळते.

डाफ्निस नेरी आणि डाफ्निस हायपोथस हे दोन्ही हिरवट पतंग प्रथमदर्शनी एकच वाटतात, परंतु हायपोथसच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी लहान पांढरा ठिपका असतो. थेरेट्रा ओल्डनलँडीच्या उदरावर वरच्या बाजूने दोन रुपेरी रेषा जातात, तर थेरेट्रा सिल्हेटेन्सिसच्या उदरावर एकच. एवढे वरून घेतलेल्या एका स्वच्छ छायाचित्रात कळते. ॲकेरॉन्शिया या प्रजातीच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या) बाबतीत तसे होत नाही. वक्षावरची कवटीसारखी आकृती तिच्या लॅकेसिस, ॲट्रोपॉस आणि स्टिक्स या तिन्ही जातींत असते. लॅकेसिसच्या मागच्या पंखाच्या बुडाशी काळा डाग असतो, आणि पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला स्टिक्सला दोन, तर ॲट्रोपॉसला एक आडवा पट्टा असतो. पतंग विसावला की हे सारे झाकले जाते. म्हणून एकाच नोंदीत अनेक छायाचित्रे जोडण्याची सोय इथे फार मोलाची ठरते, आणि ती न वापरणाऱ्यांनी जातीच्या नावाचा आग्रह धरू नये, असे मला वाटते.

सेवेची खरी मर्यादा मॅक्रोग्लॉसमसारख्या प्रजातीत जाणवते. तिच्यातील अनेक जाती जननेंद्रियांची सूक्ष्म तपासणी केल्याशिवाय खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत, तरीही संगणक एखाद्या जातीचे नाव पुढे करू शकतो. दुसऱ्या कोणी लक्षणे न पाहता त्याला दुजोरा दिला, तर नोंद ‘रिसर्च ग्रेड’ या खात्रीशीर मानल्या जाणाऱ्या दर्जापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी ओळख प्रजातीपर्यंतच ठेवण्याची मुभा सेवा देते. ती जरूर वापरावी, आणि इतरांच्या नोंदींना दुजोरा देतानाही आपण कोणते लक्षण पाहिले ते टिप्पणीत लिहावे.