डिकीतल्या गोणीत ‘ओरिजिनल’ स्प्रिंग

लोअर केलेली, म्हणजे स्प्रिंग बदलून किंवा कापून खाली बसवलेली, सेकंडहँड गाडी विकणारा जर म्हणाला, “ओरिजिनल स्प्रिंग डिकीत आहेत, वाटेल तेव्हा बसवून घ्या,” तर पैसे द्यायच्या आधी ती गोणी उघडून बघा. मी बघितली नाही. त्यामुळे आधी गाडी घेताना फसलो, आणि नंतर तीच गाडी मूळ उंचीवर आणायला गेलो तेव्हा पुन्हा फसलो. कुणाचे तरी पैसे वाचावेत, आणि पैशांपेक्षाही घाटात कुणाचा जीव धोक्यात येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गेल्या गुढीपाडव्याला मी २०१४ची डिझेल स्विफ्ट घेतली. विकणारा मुलगा पंचविशीतला, बोलायला गोड. गाडी चारही चाकांवर इतकी खाली बसलेली की टायर आणि चाकाची कमान यांच्यात दोन बोटं जात नव्हती. देखणी दिसत होती, हे खरं. मलाही आवडली. तो म्हणाला, “दादा, रेडिमेड लोअरिंग स्प्रिंग आहेत, कापलेल्या नाहीत. नको वाटलं तर कंपनीचा सेट डिकीत ठेवलाय. दोन तासांचं काम.” डिकीत खरंच सुतळीनं तोंड बांधलेली खताची गोणी होती. वरून दाबली तर हाताला स्प्रिंगचे वेढे लागले. त्या गोणीच्या भरवशावर मी ठरल्यापेक्षा पाच हजार जास्त मोजले.

पहिले चार महिने मी एकटाच चालवत होतो. चिंचवड ते हिंजवडी, रोजचा रस्ता. हादरे बसायचे, पण गाडी वळणावर आडवी होत नाही म्हणून मी खूश. खरी परीक्षा गणपतीत झाली. आप्पा, आई, बायको, मुलगी, सामान असं सगळं घेऊन उंब्रज-पाटण-कोयनानगर मार्गे कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे निघालो. जमिनीपासून गाडीच्या बुडापर्यंत कंपनीची उंची १७० मिलिमीटर. माझी गाडी रिकामी असतानाच त्याच्या जवळपास ५० मिलिमीटर खाली होती, पाच माणसं बसल्यावर किती उरत असेल ते सांगायला नको. नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढणारा असायला हवा. आपल्याकडे गावोगावी असतात त्या हातभर रुंदीच्या डांबराच्या भिंती. पाटणच्या पुढं एका भिंतीवर इंजिनखालचं तेलाचं चेंबर असं घासलं की आई दचकून जागी झाली. उतरून खाली वाकून पाहिलं, तेल गळत नव्हतं, एवढंच नशीब. मागच्या सीटवर आप्पांची कंबर प्रत्येक खड्ड्याला धरत होती. ते काही बोलले नाहीत, पण घरी पोचल्यावर दोन दिवस झोपून होते.

तेव्हा ठरवलं, गाडी मूळ उंचीवर आणायची. दुसरंही एक कारण होतं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली त्याची शिक्षा गाडीच्या मालकाला आहे: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बदल आधीच्या मालकानं केला असला तरी आता आरसीवर नाव माझं होतं. अपघात झालाच तर विमा कंपनीही यावर बोट ठेवू शकते. असं असूनही मी आठवडाभर घोळ घातला, कारण गाडी उंच झाली की तिचं रूप जाणार, हे मनाला लागत होतं. आप्पांना दवाखान्यात नेताना गाडीतून हात धरून वर ओढून काढावं लागलं, त्या दिवशी घोळ संपला.

गॅरेज एका ओळखीच्यानं सुचवलेलं. तिथं गोणी उघडली. आतल्या स्प्रिंग स्विफ्टच्या नव्हत्याच. वेढ्याचा घेरच मोठा, स्प्रिंग जिच्यात टेकते त्या बुडाच्या वाटीत बसेना. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीच्या भंगारातल्या. त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, “मला पण तशाच मिळाल्या होत्या, दादा.” नंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

गॅरेजवाले म्हणाले, “साहेब, काळजी करू नका. कंपनीचा नवा सेट टाकतो, मजुरीसकट साडेएकवीस हजार.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. उंच दिसत होती. पैसे दिले, हातानं लिहिलेलं बिल घेतलं: ‘स्प्रिंग सेट – १, मजुरी’. पार्ट नंबर नाही, डबा नाही. काढलेल्या जुन्या स्प्रिंग मी मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं, कारण त्या काढलेल्याच नव्हत्या.

पंधरा दिवसांत पुढून आवाज यायला लागला. गतिरोधकावरून चाक खाली उतरलं की टण्ण, जणू कुणी लोखंडी पहारीवर हातोडी मारली. गाडी खड्ड्यात दबायचीच नाही, उडायची. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की पुढचं टोक एका बाजूला जायचं. गॅरेजवाल्यांचं उत्तर एकच: “नव्या स्प्रिंग आहेत, बसायला वेळ लागतो.” महिनाभर मी ते खरं मानलं.

शेवटी टायरमुळे कळलं. बाहेरून चांगलं दिसणारं पुढचं टायर आतल्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा गुळगुळीत झालेलं होतं. चाकांची दिशा तपासून घ्यायला अलाइनमेंटला गेलो. तिथल्या मिस्त्रींनी मशीनला तार लावायच्या आधीच गाडी वर घेतली, चारही चाकं अधांतरी, आणि मला खाली बोलावलं. “दादा, हात घाला इथं.” मी मागच्या चाकाच्या कमानीत हात घालून स्प्रिंग धरली, आणि ती माझ्या मुठीत फिरली. अगदी सहज. गाडीचं वजन पेलणारी वस्तू मी दोन बोटांनी फिरवत होतो.

मग त्यांनी बॅटरी मारून दाखवलं. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक वाटीत नीट टेकेल अशा आकाराचं असतं, आणि वेढ्यावर सहसा रंगाचे छोटे पट्टे असतात, कुठली स्प्रिंग कुठल्या मॉडेलची हे ओळखायला. माझ्या स्प्रिंगचं टोक ग्राइंडरनं सरळ छाटलेलं होतं, कापाच्या जागी गंज. म्हणजे ‘रेडिमेड लोअरिंग स्प्रिंग’ हेही खोटं. कंपनीच्याच स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेली. आणि गॅरेजनं काय केलं होतं? त्याच कापलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाड रबराचे बफर ठोकून गाडी वर उचलली होती. वर काळा स्प्रे मारलेला, म्हणून वरवर बघणाऱ्याला नवी वाटावी. बफरवर सुद्धा स्प्रेचे थेंब होते.

यातला धोका मिस्त्रींनी शांतपणे समजावला, तो मी त्यांच्याच पद्धतीनं सांगतो. स्प्रिंग कापली की वेढे कमी होतात, आणि जितके वेढे कमी तितकी ती कडक. वर बफर ठोकला की उरलेल्या वेढ्यांपैकी काही जखडले जातात, म्हणजे आणखी कडक. उंची कापल्यामुळे चाक अधांतरी झालं की स्प्रिंग सैल पडते, वाटीतून सरकू शकते. तो टण्ण आवाज ती सैल झालेली स्प्रिंग परत जागेवर आपटण्याचा होता. घाटात खड्ड्यावर चाक उचललं गेलं आणि ती तिरकी बसली, तर पुढचं वळण आपल्या हातात राहत नाही. मुलगी मागच्या सीटवर बसते, अगदी त्या चाकाच्या वर. हे ऐकून मी गाडी तिथंच ठेवली आणि रिक्षानं घरी आलो.

दुरुस्ती या वेळी वेगळ्या रीतीनं केली. अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर आरसी घेऊन गेलो, चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतला. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे पेट्रोल गाडीच्या पुढच्या स्प्रिंग याला चालत नाहीत, हे तिथंच कळलं. चारही स्प्रिंग डब्यातून माझ्यासमोर काढल्या. कमी जागेत आपटून आपटून पुढचे दोन्ही शॉकअप तेल ओकत होते, शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबराचा, बंपस्टॉपचा, भुगा झाला होता. तेही बदलले. मिस्त्रींनी एक गोष्ट मुद्दाम दाखवली: बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट चाकं लटकत असताना हलकेच लावले आणि गाडी जमिनीवर टेकवल्यावरच शेवटचे आवळले. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोतही नीट करून घेतला. दोन टायर धरून एकतीस हजार गेले.

आता गाडी बरोबर आहे की नाही, हे मी स्वतः मोजतो. सोसायटीत त्याच मॉडेलची एक गाडी आहे. मालकांना विचारून चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेप लावला, चारही बाजूंनी. माझ्या गाडीचा फरक तीन-चार मिलिमीटरच्या आत आला. ही मोजणी मी गॅरेजमधून गाडी घेताना केली असती, तरी पुरेसं नव्हतं, कारण बफरनंही उंची येते. चाक लटकवून स्प्रिंग हातानं फिरवून बघणं, ही खरी तपासणी. जॅक, खाली आधाराला स्टँड आणि दहा मिनिटं लागतात. विकणारा नाही म्हणाला तर ती गाडी सोडून द्या.

गॅरेजविरुद्ध आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यावर गॅरेजवाल्यांनी काही उत्तर दिलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हातानं लिहिलेलं का होईना, ते बिल होतं म्हणून अर्ज करता आला. मिस्त्रींनी गाडी वर असताना काढलेले फोटो, बफर लावलेल्या स्प्रिंगचा व्हिडिओ, अलाइनमेंटचा कागद असं सगळं जोडलंय. गाडी विकणाऱ्या मुलाविरुद्ध माझ्याकडे कागद काहीच नाही. जे बोलला ते तोंडीच.

कापलेल्या चारही स्प्रिंग बफरसकट माळ्यावर त्याच खताच्या गोणीत आहेत. निकाल लागेपर्यंत त्या पुरावा म्हणून लागतील. लागला की भंगारवाल्याकडे नेऊन गॅसकटरनं माझ्यासमोर तुकडे करून घेणार आहे. अख्ख्या दिल्या तर कुणीतरी काळा स्प्रे मारून पुन्हा एखाद्या गाडीत बसवेल.